दुपट्ट्याखालचा कान

रुपराव भोयर कानाने अधू होत चालले आहेत, हे त्यांच्या बायकोला चांगलं ठाऊक होतं आणि संत्रा मार्केटात कोणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द रुपरावांना या बाबतीत मार्केटातच धरायला हवं.

यात मार्केटचा फारसा दोष नव्हता. नागपूरच्या त्या मार्केटात तेव्हा सौदा तोंडाने होतच नसे. शेतकऱ्याच्या संत्र्यांचा ढीग मध्ये, एका बाजूला अडत्याचा माणूस, दुसऱ्या बाजूला घेणारा व्यापारी. दोघं उकिडवे बसत, हातांवर दुपट्टा टाकत आणि आतल्या आत एकमेकांची बोटं धरत. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार. भाव पटला की सगळा पंजा घट्ट दाबायचा. मग ब्रह्मदेव आला तरी सौदा फिरत नसे. दुरून पाहणाऱ्याला वाटे, दोन म्हातारे थंडीत हात शेकत बसलेत. या पद्धतीला हत्ता म्हणत. तिची खुबी अशी की, ज्याचा माल त्या शेतकऱ्याला भाव सगळ्यांच्या शेवटी कळे.

रुपराव काटोलकडच्या एका खेड्यातून मिसरूड फुटायच्या वयात नागपूरला आले आणि गोपाळराव अडत्यांच्या गादीवर लागले. सुरुवातीला पेट्यांना खिळे ठोकले, मग ढिगावर बसले आणि पुढे सौद्याला हात घालू लागले. त्यांच्या बोटांची ख्याती होती. कोणी व्यापारी तीन बोटं धरून चौथ्याशी नुसता खेळू लागला, तरी त्याच्या मनात चौथं आहे की नाही हे रुपराव ओळखत. "तोंडानं मानूस खोटं बोलते," ते म्हणत, "बोटं नाही बोलत." तोंडाचं काम ते म्हणूनच फार कमी करत.

कान गेले ते असे गुपचूप गेले, जसा पाहुणा निरोप न घेता जातो. घरी त्यांना वाटे, वच्छलाबाई हल्ली पुटपुटायला लागल्या आहेत. वच्छलाबाईंनी वाद घालणं सोडून दिलं होतं. जेवायला बोलवायचं तर त्या जमिनीवर ताट आपटत. काही सांगायचं तर समोर येऊन, पदर खोचून, शेजारच्यांनाही कळेल अशा बेताने सांगत. गणेशपेठेत त्यांच्या घरात रोज भांडण होतं असा लौकिक झाला, तो यामुळेच.

मार्केटात मात्र त्यांचं वजन वाढलं. लोक मनातली गोष्ट त्यांच्याजवळ येऊन हळू आवाजात सांगत. रुपराव मान हलवत, पान लावत, आणि ती गोष्ट पुढे कधीच कुठे जात नसे. एवढा विश्वासू माणूस साऱ्या बाजारात दुसरा नाही, असं सगळे म्हणत. जे आत गेलंच नाही ते बाहेर कुठून येणार, हा विचार कोणी केला नाही.

अशात बाजार समितीने लायसनं काढली. अडत्याला लायसन, दलालाला लायसन, तोलणाऱ्याला लायसन, हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला. बाकीचे कुरकुरले. रुपराव हरखले. फोटो डकवलेलं, गोल शिक्क्याचं ते लायसन त्यांनी काचेत मढवून देवांच्या शेजारी लावलं. दसऱ्याला त्याला आपट्याचं पान वाहिलं. सरकारने शिक्का मारला म्हणजे माणूस पारखून घेतलेला, असं त्यांचं साधं गणित होतं. त्यानंतर ते केस कापणाऱ्यालाही विचारू लागले, "तुमचं लायसन हाय का गा?"

लायसनांच्या पाठोपाठ दुसरा हुकूम आला. हत्ता बंद. यापुढे उघड लिलाव, सगळ्यांसमोर, मोठ्याने बोली.

गोपाळरावांनी रुपरावांना बोलावलं. "लिलाव तुमीच पुकारा. तुमचा आवाज असा हाय का स्टेशनातली गाडी थांबून जाईन."

ही गोष्ट खरी होती. स्वतःला ऐकू यावं म्हणून माणूस जेवढ्याने बोलेल तेवढ्याने रुपराव बोलत, आणि तो आवाज बाजाराला पुरून उरे. म्हणजे ज्या उणिवेपायी ते या कामाला नालायक होते, तिच्याच बळावर त्यांची निवड झाली. असं सरकारी दप्तरांत पुष्कळदा होतं, मार्केटात ते पहिल्यांदा झालं.

आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडचा माल आला. रुपराव पेटीवर उभे राहिले, हात वर केला आणि असा भाव पुकारला की कबुतरं उडाली. चहूकडून बोल्या आल्या. रुपरावांना पुढचे तिघे ओठ हलवताना दिसले. त्यांपैकी ज्याचे ओठ त्यांना नीट लागले, त्याला त्यांनी माल देऊन टाकला. तेवढ्यात कोणीतरी त्यांचं धोतर ओढलं. वरुडचे शेतकरी वामनराव होते, ढिगाचे मालक.

"काहून गा भाऊ? तो मांगचा मानूस मघापासून दोन रुपये जास्तीचे बोंबलून राह्यला. तो का मेला का तुमच्यासाठी?"

मागचा माणूस खरोखरच बोंबलत होता. त्याच्या गळ्याच्या शिरा रुपरावांना आता दिसल्या.

त्या दिवशी गोपाळरावांनी तोंडदेखलं सावरून घेतलं. पण असं दुसऱ्यांदा झालं, मग तिसऱ्यांदा. तेव्हा त्यांनी रुपरावांना गादीवर समोर बसवलं आणि लहान पोराला समजावावं तसं एकेक शब्द तोडून सांगितलं. "रुपराव, आंबिया निघाला तसा निघाला. उन्हाळ्याच्या तोंडी मृगाचा माल येईन तवा मले लिलावावर आयकू येनारा मानूस पायजे. नाही तर तुमी मांगच्या गोदामात बसा. पेट्या सांभाळा."

मागचं गोदाम म्हणजे जिथे सडकी फळं निवडत आणि जिथे गोपाळरावांचा आंधळा चुलता बसे. रुपरावांनी त्या रात्री इतकं लवकर घर गाठलं, की वच्छलाबाईंवर ताट आपटायची वेळच आली नाही.

"म्या का म्हनत होती?" वच्छलाबाई समोर येऊन म्हणाल्या. "कान दाखवा, कान दाखवा. तर म्हने, तूच पुटपुटते."

रुपरावांनी पानाचा डबा पुढे ओढला. बायको पुटपुटते हे त्यांना पटलं होतं. पण सगळं मार्केट, वरुडचा वामनराव आणि गोपाळराव सेठ यांनी मिळून एकाच हंगामात पुटपुटायला घेतलं असेल, हे मात्र जमेना.

"दाखवतो," ते म्हणाले. "पन लायसनवाल्यालेच दाखवीन."

नागपूर उपराजधानी होऊन तेव्हा दशक उलटलं होतं, पण कानाच्या बाबतीत ते खेडंच होतं. डोळ्याचे डॉक्टर गल्लोगल्ली होते, दातांचे तर फूटपाथवर बसत. कान कितपत ऐकतो हे मोजून सांगणारा माणूस असतो, हेच कोणी ऐकलं नव्हतं.

पहिल्यांदा रुपराव सीताबर्डीवर व्हरायटी चौकात बसणाऱ्या कान कोरणाऱ्याकडे गेले.

"लायसन है क्या?"

त्याने डोक्यावरच्या लाल पगडीला हात लावला. "यही है, सेठ. बाप की भी यही थी."

पगडीवर शिक्का नव्हता. रुपराव उठले.

मग कोणीतरी सदरच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं, नस कमजोर म्हणाले आणि मागच्या खोलीकडे बोट केलं. तिथे चारुशीला देवपुजारी बसे. धरमपेठेतल्या दत्तोपंत मास्तरांची ही मुलगी म्हैसूरला जाऊन कान मोजण्याचं हेच शास्त्र शिकून आली होती. तिने स्वतःची खोली भिंतींना गाद्या ठोकून तयार केली होती, आणि बहुतेक वेळ तिथे एकटीच पुस्तक वाचत बसे. लोक डॉक्टरांकडून औषध घेऊन पुढच्या दारानेच घरी जात.

"बसा काका," तिने खुर्ची पुढे केली.

रुपराव बसले नाहीत. भिंतींवर नजर फिरवली. नुसत्या गाद्या. "लायसन कुठी हाय, बाई?"

"माझं? पदवी आहे ना. दाखवते."

"पदवी नाही. लायसन. सरकारचं."

चारुशीलेने समोर येऊन सावकाश सांगितलं, "आमच्या कामाला सरकार लायसन देतच नाही अजून. तसा कायदाच झालेला नाही, काका."

रुपरावांना ते ओठांवरून पुरतं कळलं, आणि कळलं म्हणूनच धक्का बसला. "हमालाले हाय, तोलाईवाल्याले हाय, टांग्यालेबी नंबर हाय. अन् मानसाच्या कानाले नाही?"

"टांग्याने माणूस पडतो ना," ती म्हणाली. "म्हणून असेल."

"मंग तुमी पाडलं तर कोनाले इचारायचं?"

 चारुशीलेने स्वतःच हा प्रश्न दिल्लीला एकदा लिहून पाठवला होता आणि ती अजून उत्तराची वाट पाहत होती. रुपरावांनी नमस्कार केला आणि मागच्या दाराने निघून गेले.

त्यांना हवं होतं ते शेवटी सीताबर्डीवरच मिळालं. चष्मे, घड्याळं आणि ट्रान्झिस्टर विकणारं मधुकररावांचं दुकान होतं. काउंटरमागे काचेत मढवलेला कागद, इंग्रजी अक्षरं आणि वर तीन सिंहांचा ठसठशीत छाप. रुपराव त्या सिंहांकडे बघतच राहिले.

"हे लायसन व्हय ना?"

"लायसनच," मधुकरराव म्हणाले.

"सरकारी?"

"शंभर टक्के सरकारी, साहेब. दिल्लीचं."

यात मधुकरराव एक अक्षरही खोटं बोलले नाहीत. रुपरावांनी त्यांना, लायसन कशाचं, एवढं मात्र विचारलं नाही.

मधुकररावांनी कपाटातून कानाचं मशीन काढलं. विड्यांच्या कट्ट्याएवढी डबी, तिला एक वायर, वायरीच्या टोकाला कानात खुपसायचं बोंडुक. कोणत्या कानात घालायचं, असा प्रश्न निघाला. रुपरावांच्या बंडीला खिसा उजव्या बाजूला होता. वायर तिथून उजव्या कानाला बरोबर पुरली. म्हणून उजवा कान ठरला. शिंपी आणि कानाचा जाणकार यांच्यात मधुकररावांनी काही फरक ठेवला नाही.

घरी येऊन रुपरावांनी बटण फिरवलं, तर डबीतून शिट्टी वाजली. शेजारचा कुत्रा उठून गेला. वच्छलाबाई काहीतरी बोलल्या. पाट्यावर चटणी वाटल्यासारखं घर्र घर्र झालं.

"आलं का आयकू?"

"आलं," रुपराव म्हणाले. लायसनवाल्याकडून घेतलेली वस्तू होती. सवय लागेपर्यंत असंच व्हायचं.

मृगाचा माल आला. रुपराव पुन्हा पेटीवर चढले. मशीन लोकांना दिसू नये म्हणून छातीवर दुपट्टा घेतलेला, आणि शिट्टी वाजली की बटण कमी करायला हात दुपट्ट्याखाली जाई. गर्दीचा गलका मशीनमधून असा येत होता, जसा पत्र्यावर गारांचा मारा. ते बटणाला एक बोट लावून फिरवत, मग दोन. पुन्हा एक.

बाजार समितीचे निरीक्षक गिरिधर ठवकर खांबाला टेकून हे पाहत होते. तरुण, नवे, नियमांची पुस्तिका पाठ असलेले. उघड लिलाव चालू आहे, पुकारणाऱ्याचा हात दुपट्ट्याखाली आहे आणि तिथे बोटं हलतायत. त्यांना दुसरं काही सुचण्याचं कारणच नव्हतं.

"हात बाहेर काढा," ते पुढे येऊन म्हणाले. "लिलाव थांबवा. हत्ता चालू आहे हा."

रुपरावांना कळलं नाही. ठवकरांनी दुपट्टा ओढला. डबी दिसली, वायर दिसली, वायर कानात गेलेली दिसली. बाजारात एकदम शांतता पसरली, आणि त्या शांततेत मशीनने लांब शिट्टी मारली.

"हे काय आहे? कोणाशी बोलता तुम्ही?"

"मुंबईचा भाव येत असन त्यात," एक व्यापारी मागून म्हणाला. "म्हनूनच हा बुढा कोनाशी बोलत नवता इतके साल."

"मी सांगतो ना, बिनतारी होय ते," दुसरा म्हणाला. एकाहत्तरची लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. बिनतारी यंत्र म्हटलं की लोकांना तेव्हा हेर आठवत आणि ते मान खाली घालून पोलिसांची वाट पाहत.

"या यंत्राचं लायसन आहे का?" ठवकरांनी विचारलं.

हे मात्र रुपरावांना समजलं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. "हाय. चाला, दाखवतो."

रिक्षा करून निरीक्षकांना घेऊन ते सीताबर्डीवर गेले आणि तीन सिंहांसमोर त्यांना उभं केलं. ठवकरांनी तो इंग्रजी कागद सावकाश वाचला. मग मराठीत सांगितला. ते रेडिओ बाळगण्याचं आणि विकण्याचं, तार-टपाल खात्याचं लायसन होतं.

"म्हणजे रेडिओच आहे," ठवकर म्हणाले.

मधुकररावांनी मान खाली घालून घड्याळ उघडलं.

रुपरावांचं स्वतःचं लायसन ठवकरांनी तिथून थेट गणेशपेठेत येऊन काचेतून काढून ताब्यात घेतलं. तुम्हाला खरोखर ऐकू येत नाही आणि हे यंत्र त्यासाठीच आहे, असा जाणकाराचा दाखला आणा, मग पाहू. जी गोष्ट इतकी वर्षं दुपट्ट्याखाली राहिली, ती आता शिक्क्यानिशी सिद्ध करून आणायची होती. ठवकर गेल्यावर रुपरावांनी भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं. काचेमागे आता नुसता पुठ्ठा होता.

"कोनाकडं जाता मंग?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"हाय एक बाई," रुपराव म्हणाले. "बिनलायसनची."

चारुशीलेने त्यांना ओळखलं. "मला लायसन काही मिळालं नाही हो अजून," ती समोर येऊन म्हणाली.

"माह्यंबी गेलं," रुपराव म्हणाले आणि या वेळी खुर्चीत बसले.

तिने त्यांच्या कानांवर दोन गोल झाकणं चढवली आणि नीट सांगितलं, की आवाज ऐकू आला, कितीही बारीक आला, की बोट वर करायचं. मग ती यंत्राच्या पलीकडे बसली.

थोड्या वेळात ती गोंधळली. म्हातारे कधी एक बोट वर करत, कधी चार. एकदा चार करून चौथं अर्धवट वाकवलं. एकदा सगळा पंजा घट्ट मिटला आणि तिच्याकडे समाधानाने पाहिलं. तिने झाकणं काढली.

"काका, हे तुम्ही काय करता आहात?"

"भाव देऊन राह्यलो ना. बारीक आला तर एक, मोठा आला तर चार. चौथं वाकवलं तो साडेतीनचा."

"आणि मूठ?"

"तो पटला."

चारुशीला इतकी हसली की डॉक्टर दारात येऊन गेले. पण हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की या माणसाने तिचं काम सोपं केलं आहे. किती मोठं ऐकू आलं हे बोटांनी सांगणारा रोगी तिला म्हैसूरलाही भेटला नव्हता.

उजवा कान जवळजवळ गेलेला निघाला. डाव्यात बराच जीव होता. तिने बोंडुक डावीकडे घातलं, वायर पाठीमागून घेतली, बटण पार खाली आणलं आणि साध्या आवाजात म्हणाली, "आता?"

"आता," रुपराव म्हणाले. मग थोडं थांबून, "तुमी पुटपुटत नाही."

"पण एक खरं सांगते, काका. एक माणूस समोर असला तर ऐकू येईल. गर्दीत नाही येणार. तिथे कोणतंच यंत्र चालत नाही."

 म्हणजे गोदामच. सडकी फळं आणि आंधळा चुलता. त्यांचा हात मांडीवर पडला होता, मघाचं चौथं बोट अजून अर्धवट वाकलेलं. ते त्याच्याकडे पाहू लागले. सगळ्या आयुष्यात त्यांनी आपली बोटं काम करताना कधी पाहिली नव्हती. ती नेहमी कापडाखाली असत.

"बाई," ते म्हणाले, "हे उघडं चालते का?"

"काय?"

"बोट."

"इथे तर उघडंच चालतं," चारुशीला म्हणाली.

दाखला घेऊन रुपराव ठवकरांसमोर उभे राहिले. ठवकरांनी तो वाचला, सही पाहिली, उलटून मागची बाजू पाहिली. "या बाईंचं लायसन?"

तसा कायदाच अजून झालेला नाही, हे सांगायला रुपरावांनी तोंड उघडलं. मग त्यांना मधुकररावांचे तीन सिंह आठवले.

"हाय," ते म्हणाले. "म्या सोता पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीवर चढून सांगितलं, की आजपासून कोणी बोंबलायचं नाही. मी भाव पुकारीन, ज्याला वर चढायचं असेल त्याने बोटं दाखवायची. एक चढवलं तर एक, दोन चढवले तर दोन. व्यापाऱ्यांना ते एका मिनिटात जमलं. जन्मभर त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? गलका बसला. ठवकरांनी नियमांची पुस्तिका चाळली. लिलाव 'उघड' हवा असं तीत होतं. तोंडाने हवा असं कुठेच नव्हतं. उलट, वरुडचे वामनराव ढिगाशेजारी उभे राहून आपल्या मालाचा भाव हवेत चढताना पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होते. त्यांनी धोतर ओढलं नाही.

लायसन परत काचेत गेलं. रुपराव लिलावावर राहिले. मशीन ते घरी लावत. मार्केटात त्याची गरज नव्हती. वच्छलाबाईंनी ताट आपटणं सोडलं, तेव्हा भोयरांच्या घरात अबोला झाला अशी गणेशपेठेत बातमी उठली.

एकदा दुपारी लिलाव आटोपल्यावर गोपाळराव सेठ गादीवर त्यांच्या अगदी जवळ सरकले. इकडेतिकडे पाहिलं. "रुपराव," ते म्हणाले, "घरचे लोक हल्ली लय पुटपुटून राह्यले. तुमची ते सदरवाली बाई हाय ना..."

"हाय."

"तिचं लायसन पक्कं हाय न गा? नाहीतर म्या जात नसतो."

रुपरावांनी सेठकडे पाहिलं. मग दुपट्टा काढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि बंदी आल्यापासून पहिल्यांदा, आतल्या आत, मालकाचा पंजा घट्ट दाबला.